तपासणाऱ्याची सही

टेमगिरे काका कुठलीही वस्तू हातात घेतली की आधी तिची मुदत बघत, मग वस्तू. बिस्किटाचा पुडा, खोकल्याची बाटली, जिन्यातलं आग विझवायचं नळकांडं, कंपनीच्या बसच्या ड्रायव्हरचं लायसन. एकदा कँटीनमध्ये एकजण मुलगी बारावी पास झाली म्हणून पेढे वाटत होता. काकांनी पेढा उचलला, मान वाकडी करून खोक्याच्या बुडाशी बघितलं आणि पेढा परत ठेवला.

"पोरीचं अभिनंदन हाय," ते म्हणाले. "पण पेढा परवाच गेलाय."

वाटणाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. काकांना त्यात काही गैर वाटलं नाही. संध्याकाळी त्यांनी त्या मुलीसाठी एक चांगलं पेन आणून दिलं. पेनला मुदत नसते.

चाकणच्या औद्योगिक वसाहतीतली आमची कंपनी गाड्यांच्या ब्रेकचे सुटे भाग बनवते. मी तिथे संगणक विभागात ट्रेनी म्हणून लागले तेव्हा मला वाटलं होतं, काचेची केबिन असेल, रांगेत स्क्रीन असतील. एचआरच्या माणसाने मला शॉपच्या, म्हणजे मशीनं चालतात त्या भागाच्या, मागच्या एका जाड दारापाशी नेलं. दारावर लिहिलं होतं, 'गेज रूम. दार लावा.' आत थंडगार होतं. कपाटांमध्ये मखमलीच्या खाचांत गेज, म्हणजे मोजमापाची साधनं, झोपवलेली होती, आणि कोपऱ्यात, जाळीच्या पिंजऱ्यात, कंपनीचे सर्व्हर गुरगुरत होते. पिंजऱ्याशेजारच्या टेबलामागे तपकिरी स्वेटर घातलेला एक बारीक माणूस बसला होता. बाहेर मे महिना होता.

ही मांडणी कशी झाली ते मला पुढे कळलं. कंपनीत पहिला सर्व्हर आला तेव्हा एसी असलेली खोली एकच होती. धातू उष्णतेने वाढतो, म्हणून मोजमापाची खोली बाराही महिने वीस अंशांवर ठेवतात. सर्व्हरलाही गारवा लागतो, म्हणून तो तिथे आणून टेकवला. खोलीची किल्ली टेमगिरे काकांकडे होती. म्हणजे सर्व्हरही त्यांचाच झाला. आधी नुसता पुसायला, मग बंद पडला की चालू करायला, मग का बंद पडला ते शोधायला. त्यांचं शिक्षण आयटीआयचं. बाकीचं त्यांनी मोजमापाच्या वाटेने शिकून घेतलं. त्यांच्या लेखी संगणक हे आणखी एक मापाचं साधन होतं: ते खरं बोलतंय याचा पुरावा काय, आणि तो पुरावा कधीपर्यंत चालतो?

पहिल्या दिवशी मी त्यांना 'सर' म्हटलं. "सर शाळंत," ते म्हणाले. "इथं काका म्हण." मग त्यांनी माझ्या हातात एक पिन आणि एक मायक्रोमीटर दिला. "माप."

मी मापलं. आकडा सांगितला. त्यांनी दुसऱ्या मायक्रोमीटरने मापलं. तोच आकडा.

"बरोबर हाय. पण तू स्टिकर बघितलास का?"

माझ्या हातातल्या मायक्रोमीटरवर एक बारीक स्टिकर होता. त्याची तपासणीची मुदत मागच्याच आठवड्यात संपली होती. मी म्हटलं, आकडा तर बरोबर आला. ते शांतपणे म्हणाले, "आला. ते त्याचं नशीब. आपल्याला नशिबाचा पगार न्हाई."

मी फार बोलणारी नाही. चिखलीहून कंपनीच्या बसने यायचं, खिडकीशी बसायचं, आणि कुणी काही विचारलं तर दोन शब्दांत उत्तर द्यायचं, अशी माझी पद्धत. काकांना ते सोयीचं गेलं असावं. ते माझ्याशी बोलत ते कामापुरतं, आणि बहुतेक वेळा प्रश्नांत. त्यांचं गाव राजगुरुनगरच्या पलीकडे. संध्याकाळी सहाच्या आत मोटरसायकलवर निघत, कारण सहानंतर चाकणचा चौक माणसाला सोडत नाही. आमचं पार्किंग आहे तिथे एकेकाळी त्यांच्या चुलत्यांची ज्वारी होती, हे ते अधूनमधून सांगत. तक्रार म्हणून नव्हे, पत्ता सांगावा तसं.

त्यांच्या टेबलावर एक जाड रजिस्टर असे. प्रत्येक कामाची ओळ, आणि ओळीच्या शेवटी दोन रकाने: 'केले' आणि 'तपासले'. दोन्ही सह्या एकाच माणसाच्या चालत नसत. रजिस्टर मराठीत होतं. दहावीच्या पेपरानंतर मी हाताने मराठी लिहिलं नव्हतं. पहिल्या ओळीला मला पाच मिनिटं लागली. काका तेवढा वेळ खिडकीबाहेर बघत राहिले.

या दोन रकान्यांवरून त्यांनी शॉपमध्ये एक वैर ओढवून घेतलं होतं. गायकवाड हे आमच्या मशिनिंग लाइनचे सुपरवायझर, मूळचे लातूरकडचे, मोठ्या आवाजाचे. पूर्वी ते इन्स्पेक्टर होते. दर तासाला एक पार्ट मोजायचा आणि कागदावर सही करायची, हे त्यांचं काम. एकदा त्यांनी आठ तासांच्या आठही सह्या शिफ्ट सुरू होतानाच करून टाकल्या. काका सकाळी दहा वाजता लाइनवर गेले तर कागदावर दुपारी दोनचा पार्ट पास झालेला. त्यांनी गायकवाडांचा सहीसोबत मारायचा इन्स्पेक्शनचा शिक्का काढून घेतला. नियमच तसा होता: न तपासता सही केली तर सहा महिने 'तपासले'मध्ये सही नाही. तो नियम काकांनीच लिहिलेला होता, आणि तोवर कुणी गंभीरपणे घेतला नव्हता.

"काय करायलाव काका!" गायकवाड ओरडले होते म्हणे. "पार्ट तर सगळे ओके निघाले की!"

"पार्टचं मी काय बी म्हटलं न्हाई," काका म्हणाले. "मी सहीचं बोलतोय."

सहा महिने गायकवाडांनी मोजमाप केलं आणि सही दुसऱ्याने केली. ते पुढे सुपरवायझर झाले, पण काकांना बघितलं की अजून भुवया चढवत.

आता सर्टिफिकेटचं सांगायला हवं. आपला फोन किंवा संगणक मेल मागायला जातो तेव्हा मेल सर्व्हर आधी एक सर्टिफिकेट दाखवतो: मी खरंच या कंपनीचा सर्व्हर, कुणी तोतया नव्हे. ते बाहेरची त्रयस्थ संस्था देते, आणि आमचं नव्वद दिवस चालायचं. मुदत संपली की स्क्रीनवर लाल पाटी येते, या सर्व्हरवर विश्वास ठेवता येत नाही. खाली दोन पर्याय असतात: मागे फिरा, किंवा तरीही पुढे जा. काकांना हे कुणी समजावून सांगावं लागलं नव्हतं. गेजचं कॅलिब्रेशन असतं तसं, ठरावीक मुदतीची तपासणी, ते म्हणाले, आणि त्याच दिवशी त्यांनी सर्व्हरच्या पिंजऱ्यावर मुदतीचा स्टिकर चिकटवला.

लोकांना मात्र समजावून सांगावं लागलं. मी यायच्या आधी आमच्याकडे सगळेजण लाल पाटी आली की डोळे झाकून 'पुढे जा' दाबत. काकांनी सूचना लावल्या, त्या कुणी वाचल्या नाहीत. मग त्यांनी एका दुपारी कँटीनमध्ये कंपनीच्याच नावाचं एक खोटं वायफाय आणि त्यामागे एक खोटा मेल सर्व्हर लावून ठेवला. लाल पाटी सगळ्यांना आली. दुसऱ्या दिवशी सकाळी, ज्यांनी ज्यांनी 'पुढे जा' दाबलं होतं त्यांच्या खुर्च्यांना लाल टॅग लटकत होते, जे आम्ही बाद पार्टना लावतो ते. त्यावर नाव नाही, ओरडा नाही, नुसतं 'नापास'. अकाउंट्समध्ये चार, स्टोअरमध्ये सहा, आणि एक टॅग वरच्या मजल्यावर, प्लँट हेड इनामदार साहेबांच्या फिरत्या खुर्चीला.

इनामदार साहेबांनी तो टॅग स्वतः खाली आणून काकांच्या टेबलावर ठेवला. "टेमगिरे, हे जरा जास्त झालं."

"व्हय साहेब," काका म्हणाले. "पण पाटी तुमाला बी आलती."

तेव्हापासून कंपनीत कुणी लाल पाटीवर 'पुढे जा' दाबत नसे. मी ही गोष्ट तीन वेगवेगळ्या लोकांकडून ऐकली, आणि तिघांनीही आपल्या खुर्चीला टॅग नव्हता असं सांगितलं.

सर्टिफिकेट बदलण्याचं काम काकांनी मला शिकवलं. मुदतीच्या पंधरा दिवस आधी करायचं. बऱ्याच ठिकाणी ते आपोआप होतं. आमच्या जुन्या सर्व्हरवर हाताने करावं लागे. नवं मागवायचं, आलं की ठरलेल्या जागी ठेवायचं, मग मेलची सेवा बंद करून पुन्हा सुरू करायची, म्हणजे ती नवं सर्टिफिकेट वाचते. शेवटी एखाद्या फोनवरून मेल उघडून सर्व्हर कुठली तारीख दाखवतोय ते बघायचं. हे बघणं तपासणाऱ्याचं काम.

तिसऱ्या खेपेला मी एकटीने केलं. बुधवार होता. आमच्या भागात गुरुवारी सुट्टी असते, त्यामुळे बुधवारी संध्याकाळी सगळी कंपनी गेटकडे झुकलेली असते. मी नवं सर्टिफिकेट जागेवर ठेवलं, ब्राउझरमध्ये मेल सर्व्हरचं सेटिंगचं पान उघडलं, तारीख नवी दिसली. रजिस्टरमध्ये 'केले'खाली सही केली. बाहेर बस हॉर्न वाजवत होती. काका उभेच होते, हेल्मेट हातात. त्यांच्या पुतणीचा साखरपुडा होता.

"झालं?"

"झालं काका."

त्यांनी उभ्याउभ्याच सही केली. मी त्यांना प्रथमच उभ्याने सही करताना बघितलं, आणि ते माझ्या लक्षातही राहिलं. मी बोलले मात्र नाही.

पंधरा दिवसांनी जुन्या सर्टिफिकेटची मुदत संपली ती गुरुवारी. सुट्टी असल्याने फार कुणी मेल बघितली नाही. ज्यांनी बघितली त्यांना लाल पाटी आली, त्यांनी शिकवल्याप्रमाणे 'मागे फिरा' दाबलं आणि स्वस्थ बसले. आम्हाला कुणी फोनसुद्धा केला नाही.

शुक्रवारी सकाळी साडेदहाला गेज रूमचं दार आपटलं. इनामदार साहेब, त्यांच्यामागे गायकवाड. गायकवाडांच्या लाइनवर एका नव्या पार्टचे नमुने तयार झाले होते. त्यांचे मापांचे रिपोर्ट ग्राहकाला दुपारी बाराच्या आत, आमच्याच कंपनीच्या मेलवरून जायला हवे होते. दुसरा पत्ता त्यांना चालत नसे. नाही गेले तर पार्ट दुसऱ्या पुरवठादाराला. त्या पार्टच्या भरवशावर गायकवाडांच्या लाइनवर नवीन मशीन आलेली होती, आणि तिच्यावर घेतलेली चार माणसं.

"सगळ्यांच्या स्क्रीनवर लाल पाटी," इनामदार साहेब म्हणाले. "माझ्याही. स्पीकरवरून सांगून टाका, आजच्या दिवस 'पुढे जा' दाबा म्हणून."

"न्हाई साहेब."

"टेमगिरे, सर्व्हर आपलाच आहे. आपल्याला माहीत आहे की तो आपलाच आहे!"

"आपल्याला हाय. त्यांला कसं कळंल? आज मी दाबा म्हटलं, तर उद्या खरा चोर आला तरी दाबतील. मंग मी काय सांगू, काल दाबा म्हटलं ते येगळं व्हतं म्हणून?"

"बारा वाजता पार्ट जातोय हो," गायकवाड म्हणाले. या वेळी त्यांचा आवाज मोठा नव्हता. "चार पोरं हायती माझ्याकडं त्या मशीनवर."

"बाहेरची एक एजन्सी सगळी मेल चालवून द्यायला तयार आहे," इनामदार साहेब म्हणाले. "मी तुमच्याकडे बघून त्यांना थांबवलंय. आज ही मेल गेली नाही तर मी थांबवणार नाही."

काकांनी मान हलवली, ऐकलं अशा अर्थाने. मग उठून भिंतीवरचा स्पीकरचा माइक काढला. हा माइक जेवणाच्या सुट्टीसाठी आणि कुणाची गाडी आडवी लागली असेल तर वापरतात.

"गेज रूममधून टेमगिरे बोलतोय. मेल सर्व्हरची मुदत काल संपली. चूक गेज रूमची हाय. कुणी 'पुढे जा' दाबायचं न्हाई. मी परत सांगंपर्यंत थांबा."

इनामदार साहेबांचे कान लाल झाले होते.

काका खुर्चीत बसले आणि रजिस्टर उघडलं. ओळ तिथेच होती. नवं सर्टिफिकेट, केले, तपासले. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "नवं तर आणलंय आपण. मंग जुनं कुटून दिसतंय?"

मला तोपर्यंत कळलं होतं. स्क्रीनवर मी दोन्ही तारखा शेजारी शेजारी आणल्या होत्या. ब्राउझरमधलं सेटिंगचं पान नवं सर्टिफिकेट दाखवत होतं. पण फोनना आणि संगणकांना मेल देणारी मूळ सेवा वेगळी, ती मी पुन्हा सुरू केलीच नव्हती. पंधरा दिवस ती जुनंच दाखवत राहिली, आणि जुनं चालत होतं म्हणून कुणाला कळलं नाही. तीन पुरुष खोलीत, दोन माझ्यावर डोळे लावून. इंग्रजीत सांगायला मला सोपं गेलं असतं.

"काका," मी म्हटलं, "नवीन गेज कपाटातच आहे. लाइनवर जुनाच आहे."

ते एकदम वळले. गायकवाडही. यापुढे कुणाला काही समजावून सांगायची गरज पडली नाही.

"मंग दे लाइनवर," काका म्हणाले.

सेवा बंद करून सुरू व्हायला दोन मिनिटंही लागली नाहीत. गायकवाड तेवढ्यात दाराकडे निघाले होते. काकांनी त्यांना हाताने थांबवलं. स्वतःचा फोन काढला, मेल उघडली, तारीख वाचली. मग गायकवाडांचा फोन मागून घेतला, त्यावर वाचली. मग इनामदार साहेबांपुढे हात पसरला. साहेबांनी फोन दिला. तिन्ही तारखा एकच आल्यावर त्यांनी माइकवर सांगितलं, "आता उघडा." रिपोर्ट अकरा वाजून दहा मिनिटांनी गेले. ग्राहकाकडून पोचल्याचा निरोप आला तेव्हा गायकवाडांनी कपाटाला टेकून डोळे मिटले.

"आता मला सांगा," इनामदार साहेब म्हणाले, "हे कुणी केलं?"

मी उभी राहिले. काका माझ्याआधी बोलले, पण मला वाचवायला नव्हे.

"केलं हिनं. एक पायरी राहिली. शिकतीय, राहती. म्हणून तर दुसरी सही असती." त्यांनी रजिस्टर साहेबांपुढे फिरवलं आणि आपल्या सहीवर बोट ठेवलं. "ही माझी. मी बघितलं न्हवतं. बस वाजत व्हती, घरी कार्य व्हतं, उभ्याउभ्या सही ठोकली. पायरी राहणं ही चूक हाय. ही सही चूक न्हाई, खोटं हाय."

मग गायकवाडांनी घसा खाकरला. "काय मग काका," ते म्हणाले, "सहा महिने का?"

त्यात टोमणा होता, पण पूर्ण नव्हता. काकांनी ड्रॉवर उघडला, आपला शिक्का काढला आणि गायकवाडांच्या हातात ठेवला. "सहा महिने," ते म्हणाले. "आजची तारीख लिहून ठेव."

त्या दुपारी मला वाटलं होतं, ते मला रागावतील. चहाच्या वेळी ते एवढंच म्हणाले, "मी उभ्यानं सही केली ती तू बघितलीस ना?"

"हो."

"मंग बोलायचं."

"तुम्हाला कसं बोलणार काका?"

"मलाच," ते म्हणाले. "बाकीच्यांला मी बोलतो. मला कोण बोलणार?"

एजन्सीचा माणूस पुढच्या आठवड्यात आला. इनामदार साहेबांनी त्याला काकांसमोरच बसवलं. त्याने रंगीत तक्ते दाखवले. काकांनी सगळे नीट बघितले आणि एकच विचारलं, तुमच्यात काम एकजण करतो आणि तपासतो दुसरा, असं आहे का? तो म्हणाला, आमचं सगळं ऑटोमॅटिक असतं. काका म्हणाले, "ते चांगलं हाय. पण ते चाललं का न्हाई, हे कोण बघतं?" त्याने ऑफिसला विचारून सांगतो म्हटलं. त्याचं उत्तर आलं असेल तर ते वरच्या मजल्यावर आलं असेल. मेल आमच्याकडेच राहिली.

त्यानंतर आमची कामं उलटी झाली. काका करत, मी तपासत. साठ दिवसांनी पहिली पाळी आली. त्यांनी सेवा पुन्हा सुरू केली आणि रजिस्टर माझ्याकडे सरकवलं. मी फोनवर तारीख बघितली आणि पेन उचललं.

"एकाच फोनवर?" त्यांनी विचारलं.

मी पेन खाली ठेवलं. त्या दिवसापासून मी पाच ठिकाणी बघते: माझ्या फोनवर, अकाउंट्सच्या संगणकावर, स्टोअरमध्ये, गेटवरच्या वॉचमनकडे, आणि एकदा कंपनीच्या नेटवर्कच्या बाहेरून. त्यासाठी मला गेटपर्यंत चालत जावं लागतं आणि वाटेत लोकांशी बोलावं लागतं. पूर्वी वॉचमनचं नाव मला माहीत नव्हतं.

काका निवृत्त झाले तेव्हा सहा महिने पूर्ण व्हायला दीड महिना बाकी होता. इनामदार साहेबांनी त्यांना वर बोलावलं. निरोपाची भेट म्हणून शिक्का परत देऊन टाकतो, शेवटच्या दिवशी शेवटची सही तुमची असू दे, म्हणाले. गायकवाडांनी तर शिक्का पुसून, लाल कापडात बांधून आणला होता. काकांनी तो हातात घेतला, वजन बघितल्यासारखं केलं आणि गायकवाडांना परत दिला.

"तुला दिला व्हता का मी मुदतीआधी?"

"नाही दिला," गायकवाड म्हणाले. ते हसले, आणि मग त्यांना हसणं जमेना.

दुसरी पाळी नेमकी निवृत्तीच्याच दिवशी आली होती. कँटीनमध्ये निरोपाचा कार्यक्रम झाला: शाल, नारळ, हार, आणि इनामदार साहेबांचं छोटं भाषण. कार्यक्रम संपल्यावर काका हारासकट गेज रूममध्ये आले, स्वेटर चढवला, सर्टिफिकेट बदललं, सेवा बंद करून पुन्हा सुरू केली. बसून 'केले'खाली सही केली. त्यांना गावापर्यंत सोडायला शॉपमधली पोरं मोटरसायकली घेऊन गेटवर थांबली होती. त्यांनी दोनदा निरोप पाठवला.

"तुम्ही निघा काका," मी म्हटलं. "मी बघते."

"बघ," ते म्हणाले. पण निघाले नाहीत.

मी फोनवर तारीख बघितली. अकाउंट्समध्ये गेले. स्टोअरमध्ये गेले. गेटवर वॉचमनकडे बघितलं, तिथली पोरं ओरडली, "ताई, सोडा की आता म्हाताऱ्याला!" मी त्यांच्यातल्याच एकाचा फोन मागून बाहेरून बघितलं, आणि परत शॉप ओलांडून आले. सगळ्याला वीस मिनिटं लागली असतील.

काका दाराशी उभे होते. खांद्यावर शाल, गळ्यात झेंडूचा हार, एका हातात नारळ. मोजायला ठेवलेल्या पार्टसारखे ते हलले नव्हते. त्यांनी काही विचारलं नाही. मी टेबलाशी बसले, तारीख लिहिली, 'तपासले'खाली सही केली आणि मान वर करून होकार दिला.

मग त्यांनी दार लावलं, आणि मी त्यांची पावलं शॉपमधून दूर जाताना ऐकत राहिले.